तीन पिढ्या घेऊन जपानच्या शहरांत: खाणं, चालणं आणि बसायच्या जागा

सोनचाफा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे जपानला जाऊन आलो. सासूबाई, बाबा (सासरे), आम्ही दोघं, कॉलेजातली लेक आणि दुसरीतला मुलगा. जपानवर इथे आधी बरंच लिहून आलंय, पण गुडघे दुखणारं माणूस आणि दर दोन तासांनी भूक लागणारं पोर एकत्र घेऊन कसं फिरायचं, हे मला कुठे सलग सापडलं नाही. म्हणून हा धागा. फक्त शहरं आणि जेवण. ज्यांनी आई-वडिलांना नेलंय त्यांनी भर घालावी.

माझं मत आधीच सांगते. अशा कुटुंबाने ठिकाणांची यादी करू नये. एका दिवसाला शहरातला एक भाग घ्यावा, तिथे पोचावं, खावं, बसावं, दुकानं बघावीत आणि संध्याकाळी परत यावं. टोकियोचा प्रत्येक भाग निराळा आहे आणि रोजचं जगणं रस्त्यावर दिसतं. तेच बघण्यासारखं आहे.

सासूबाईंना सगळ्यात जास्त आवडलं ते सुगामो. टोकियोच्या उत्तरेकडची ही बाजारपेठ म्हाताऱ्या माणसांची म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याकडे बाजार तरुणांसाठी असतो आणि आजी कोपऱ्यात पिशवी धरून उभी राहते. इथे अख्खा रस्ता आजींसाठी मांडलेला. किमतीच्या पाट्या मोठ्या अक्षरांत, रस्ता सपाट, दुकानांत काठ्या, लोकरी मोजे, कमरेचे पट्टे, चहा, लोणची. लाल रंगाचे अंतर्वस्त्र विकणारं एक दुकान आहे, लाल रंग आरोग्याला चांगला अशी तिथली समजूत. शेजारीच कोगान-जी नावाचं देऊळ. त्याच्या आवारात कान्नोनची, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या देवतेची, दगडी मूर्ती आहे. आपला जो अवयव दुखत असेल, मूर्तीचा तोच भाग ओल्या फडक्याने पुसायचा. रांगेत सगळ्या सत्तरी-ऐंशीच्या बायका. सासूबाई न सांगता रांगेत उभ्या राहिल्या, मूर्तीचे दोन्ही गुडघे नीट पुसले आणि मागच्या जपानी आजींना स्वतःचे गुडघे दाखवले. त्या आजींनी स्वतःची कंबर दाखवली. पुढची पाच मिनिटं दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. त्या दिवशी दुसरीकडे कुठे गेलो नसतो तरी मला चाललं असतं. ४, १४ आणि २४ तारखेला तिथे जत्रा भरते, जमल्यास तेव्हा जा.

तिथली खास मिठाई म्हणजे शिओ दाइफुकू, तांदळाच्या चिकट पारीत गोड लाल चवळीसारखं पुरण आणि जरासं मीठ. हे मुलानेही खाल्लं आणि आजीनेही.

सुगामोला ट्रामने जा. टोकियोत जुन्या ट्रामचा एक मार्ग टिकून आहे, मिनोवाबाशी ते वासेदा, १२ किलोमीटर. एकाच डब्याची गाडी घरांच्या परसदारांतून जाते, वाळत घातलेले कपडे आणि कुंड्या हाताच्या अंतरावर. कोशिन्झुका थांब्यावर उतरलं की बाजाराचं दुसरं टोक.

आता जेवण. बाबा आणि नवरा मासे-चिकन सगळं खातात, लेक अंडं खाते, सासूबाई पूर्ण शाकाहारी. सहा जणांना एका टेबलावर जेवता आलं ते मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमुळे. सगळ्यात वरच्या एक-दोन मजल्यांवर रेस्टॉरंटं असतात. दारात काचेमागे प्रत्येक पदार्थाची मेणासारखी हुबेहूब प्रतिकृती, त्यामुळे भाषा न येताही बोट दाखवून मागता येतं. नंबर येईपर्यंत बसायला बाकं असतात, लिफ्ट असते, स्वच्छ संडास असतात. मुलांसाठी वेगळं ताट मिळतं, भाताच्या मुदीवर छोटा झेंडा लावलेलं. निहोनबाशीच्या मित्सुकोशीत १९३० साली हे ताट सुरू झालं. मुलाने तो झेंडा घरी आणलाय.

आणि त्याच इमारतीच्या तळघरात खाण्याचा बाजार. तळलेल्या भाज्या, सॅलड, लोणची, केक, भाताचे डबे, शंभर प्रकारच्या मिठाया. रात्री बंद व्हायच्या आधी उरलेल्या डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागतात. पाय थकले की आम्ही तिथून डबे घेऊन खोलीवर जात होतो. खोली छोट्या स्वयंपाकघराची घेतली होती आणि हा निर्णय सगळ्यात उपयोगी ठरला. सुपरमार्केटमध्ये शिजवलेल्या भाताची पाकिटं मिळतात, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होतो. भात इंद्रायणीसारखा मऊ आणि चिकट. वर बटर आणि घरून नेलेलं मेतकूट. मुलाचं रात्रीचं जेवण कितीतरी वेळा तेच होतं.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन.

---

चिंचगूळ

सुंदर लिहिलंय. सुगामोचं कधी ऐकलंच नव्हतं. माझी आई पुढच्या वर्षी आमच्यासोबत येणार आहे. ती अंडंही खात नाही आणि चतुर्थी-एकादशी सोडत नाही. माशांचा अर्क सगळ्यात असतो म्हणतात, ते कितपत खरं? उपासाला काय दिलंत?

---

सोनचाफा

@चिंचगूळ, उपासाचं सोपं निघालं. सुपरमार्केटच्या दारातच भाजलेल्या रताळ्यांचं यंत्र असतं. गरम दगडांवर भाजलेली रताळी, आतून पिवळीधमक आणि इतकी गोड की साखर-तूप काही लागत नाही. हिवाळ्यात तर हमखास. रताळं, दूध, केळी, घरून नेलेला राजगिरा लाडू. संकष्टी पार पडली. चंद्रोदयाची वेळ मात्र तिथली बघा, साडेतीन तासांचा फरक आहे.

माशांच्या अर्काचं आपल्या मंडळींतले तिथे राहणारे जास्त नीट सांगतील.

---

पूर्वेचा_वारा

तिथे राहणारा हजर आहे. टोकियोच्या पूर्वेकडच्या एदोगावा विभागात बरीच वर्षं मुक्काम आहे.

@चिंचगूळ, खरं आहे, आणि आईंना नेण्याआधी हे नीट समजून घ्या. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. बहुतेक वेळा वाळवलेल्या, धुरावलेल्या बोनितो माशाचे कीस आणि कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ यांचं पाणी. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपमध्ये ते असतं, उदोनच्या (गव्हाच्या जाड नूडल्स) रश्शात असतं, थंड सोबा (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स) ज्यात बुडवतात त्या सॉसमध्ये असतं, पालकाच्या साध्या भाजीत असतं, इनारी सुशीचं (तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात) तोफू ज्यात शिजवतात त्यातही बहुधा असतं. म्हणजे ताटात मासा दिसत नाही, पण आहे. वेटरला ‘मांस-मासे नको’ सांगितलं तर तो प्रामाणिकपणे माशाचा तुकडा काढून ठेवेल, रस्सा तोच देईल. त्याच्या दृष्टीने तो पदार्थ मासे नसलेलाच असतो. म्हणून जपानीत लिहिलेलं कार्ड ठेवा आणि त्यात बोनितोची दाशी चालत नाही हे स्पष्ट लिहा. नुसत्या कोम्बूची दाशी आईंना चालेल. टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली याच कोम्बूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. चव मुळात शेवाळात आहे, माशाशिवाय ती जमते.

पाकिटांवर ॲलर्जीच्या घटकांची चौकट असते, पण तिच्यात मासे दाखवणं बंधनकारक नाही. फक्त ती चौकट बघून शाकाहारी ठरवू नका, घटकांची पूर्ण यादी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा.

शुद्ध शाकाहारी हवं तर शोजिन र्‍योरी शोधा, बौद्ध मठांतलं जेवण. मांस-मासे नाहीतच, पण कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मास पाळणाऱ्या किंवा जैन मंडळींना निर्धास्त जेवता येतं. तरी दाशी कशाची हे विचारूनच घ्या, मठाबाहेरच्या हॉटेलांत कधी कधी फरक पडतो. क्योतोत तेनर्‍यू-जी मंदिराच्या आवारात असं भोजनगृह आहे. रोजच्या घाईत टोकियो स्टेशनच्या आतलं टीज तानतान बघा, वनस्पतीजन्य रामेन (रश्शातल्या नूडल्स) मिळतं. मुलांना रामेनचा अनुभव येतो आणि आजीही त्याच टेबलावर जेवते. कोको इचिबान्या या करीच्या साखळीत बऱ्याच शाखांत प्राणिजन्य घटक नसलेली भाज्यांची करी असते. साधी करी मागू नका, तिच्यात मांसाचा अंश असतो.

घरच्या चवीची फार आठवण आली तर मेट्रोच्या तोझाई मार्गावरचं निशी-कासाई. २००० सालच्या आसपास संगणक क्षेत्रातले भारतीय इथे यायला लागले, कारण कार्यालयांच्या भागात थेट गाडी जाते आणि भाडी परवडतात. आता पीठ, डाळी, हिंग, कढीपत्ता, इडलीचं पीठ सगळं मिळतं. मराठी कुटुंबंही भरपूर. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच एदोगावाच्या सभेवर निवडून आले होते. संध्याकाळी बागेत मराठी ऐकू येतं, आजी-आजोबांना बरं वाटतं. मात्र पर्यटक म्हणून आलात तर रोज इकडे जेवायला येऊ नका, जपानी खाणं राहून जाईल.

---

मीठभाकर

माझा थोडा विरोध नोंदवतो. इतका खर्च करून जायचं आणि बाजार, सुपरमार्केट, रताळी? आई-वडील आयुष्यात एकदाच जाणार. क्योतोची देवळं, नाराचं बुद्धाचं मंदिर हे त्यांना दाखवायलाच हवं असं मला वाटतं. आम्ही रोज सकाळी आठला निघून सगळं दाखवलं.

---

सोनचाफा

@मीठभाकर, क्योतो आम्हीही केलं, सोडा असं माझं म्हणणं नाही. पण तिथल्या टेकडीवरच्या कियोमिझु देवळाचा चढ चढून गेल्यावर सासूबाईंना देऊळ दिसलंच नाही, त्यांचं सगळं लक्ष पायऱ्यांवर. दुसऱ्या दिवशी आम्ही नान्झेन-जी देवळाच्या बाजूला गेलो, रस्ता सपाट. तिथे युदोफू मिळतं, मातीच्या भांड्यात कोम्बूच्या पाण्यात मंद उकळणारं तोफू, समोर छोटी बाग. तास-दीड तास बसलो. बाबा म्हणाले, आता क्योतोला आल्यासारखं वाटलं. (तोफू बुडवायच्या सॉसमध्ये बोनितो असतो, सासूबाईंसाठी साधा सोयासॉस मागितला.)

टोकियोतही देव आहेत, आणि आपलेच आहेत. उएनोच्या तळ्यात बेन्तेनचं देऊळ आहे, ती आपली सरस्वती. आसाकुसाला सेन्सो-जी देवळाची गर्दी बघून झाली की पंधरा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. तिथे पूजा होते ती कांगितेनची, म्हणजे गणपतीची. मूर्ती दाखवत नाहीत. नैवेद्य म्हणून पांढरा मुळा वाहतात, दगडांवरही मुळ्याची जोडी कोरलेली आहे. टेकडीवर चढायला छोटी, विनामूल्य, रुळांवरची गाडी आहे, म्हणून गुडघ्यांचा प्रश्नच आला नाही. सासूबाईंनी मुळा वाहिला आणि अथर्वशीर्ष म्हटलं. देवळात आमच्याखेरीज दोन-तीनच माणसं होती.

---

डॉ_नांदूरकर

वैद्यकीय बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो, ज्येष्ठांसोबत जाताना ही सगळ्यात आधी.

जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं स्वतःसाठी एक महिन्यापर्यंतची नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी अर्ज करून परवानगीपत्र घ्यावं लागतं. चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेली ठेवा. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही सर्दी-खोकल्याच्या गोळ्या-सिरपांत स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असतं. तिथे त्यांवर कडक निर्बंध आहेत, म्हणून बॅगेत टाकण्याआधी घटक तपासा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत.

मधुमेह असलेल्यांना आणखी एक. तिथलं जेवण वेळेवर मिळतं, पण दुपारी अडीच-तीननंतर पुष्कळ रेस्टॉरंटं संध्याकाळपर्यंत बंद असतात. ‘अजून थोडं बघू मग जेवू’ करू नका. आणि मिसो, लोणची, सोयासॉस यांत मीठ भरपूर असतं. रक्तदाब असेल तर रामेनचा रस्सा वाटीत ठेवून द्या, कुणाला राग येत नाही.

ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि मांसाचा कुठलाही पदार्थ भारतातून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

---

दोन_तिकिटं

ओसाकाबद्दल लिहिते. आमच्यात नातवंडांची संख्या जास्त, त्यामुळे फिरत्या पट्ट्यावरची सुशी हाच मुख्य कार्यक्रम. ही कल्पना ओसाकाजवळचीच, १९५८ साली योशिआकी शिराइशी यांनी असं पहिलं दुकान उघडलं. आता बऱ्याच ठिकाणी समोरच्या पडद्यावर बोट लावलं की ताटली थेट आपल्यापुढे येऊन थांबते. शाकाहारी असाल तर काकडीची रोल, नात्तो (आंबवलेलं चिकट सोयाबीन), मक्याची सुशी (तिच्यात मेयोनीज असतं), फ्राइज, खरबूज, आइस्क्रीम. मुलांनी मक्याच्याच ताटल्यांचा ढीग लावला. माझ्या वडिलांनी, वेंगुर्ल्याचे आहेत, कच्चा बांगडा पहिल्यांदा खाल्ला. आधी ताटलीकडे बराच वेळ बघत बसले, मग एक तुकडा, मग सलग चार ताटल्या. बांगडा इतका ताजा असू शकतो हे त्यांनी फोन करून भावाला सांगितलं.

ओकोनोमियाकी गरम तव्यासमोर बसून खा. कोबी आणि पिठाचं थालीपिठासारखं, तुमच्यासमोर उलटतात. अंडं आणि दाशी पिठातच असते, वर बहुतेकदा बोनितोचा कीस, त्यामुळे कडक शाकाहारींसाठी नाही.

जैन मंडळी सोबत असतील तर ओसाकाहून कोबे अर्ध्या तासावर. तिथे १९८५ साली बांधलेलं संगमरवरी जैन मंदिर आहे, मोत्यांच्या व्यापारासाठी आलेल्या भारतीयांची तिथे जुनी वस्ती.

---

पूर्वेचा_वारा

प्रवासाचं थोडक्यात, कारण व्यक्तिगत निरोपांत खूप जण विचारताहेत.

जेआर पासची (परदेशी पर्यटकांचा रेल्वे पास) किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये खूप वाढली, सात दिवसांचा साधा पास तेव्हा ५०,००० येन झाला. फक्त टोकियो-क्योतो-ओसाका करणार असाल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, त्यांचं वेगळं सुइका कार्ड (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) पासपोर्ट दाखवून काउंटरवर घ्या. शिंकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेन) टोकियोहून क्योतोकडे निघताना ई क्रमांकाची खिडकीची जागा मागा, फुजी पर्वत त्या बाजूला दिसतो.

मोठ्या बॅगा घेऊन आई-वडिलांना स्टेशनांतून ओढत नेऊ नका. १९७६ पासून घरपोच सामान पोचवण्याची सेवा आहे, काळ्या मांजराचं चिन्ह असलेली. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्या, बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरातल्या हॉटेलात पोचलेली असते. मधल्या एका रात्रीचे कपडे आणि औषधं जवळ ठेवा.

स्टेशनात शिरताना लिफ्ट कोणत्या दाराला आहे ते नकाशात आधी बघा. शिंजुकूसारख्या स्टेशनात चुकीच्या दाराने बाहेर पडलं तर पुन्हा पाव तास चालणं आहे. आणि सकाळी साडेसात ते साडेनऊ लोकल टाळा. दहानंतर यामानोते या वर्तुळाकार लोकल मार्गावर बसून पूर्ण फेरी मारा, ३० स्टेशनं, साधारण तासाभरात परत तिथेच. थकलेल्या माणसांना शहर दाखवायचा हा उत्तम मार्ग.

शाळेच्या उन्हाळी सुट्टीत येणाऱ्यांनी एप्रिलअखेर ते ५ मे टाळावं. त्यांच्या सलग सुट्ट्या असतात, गाड्या-हॉटेलं भरलेली आणि महाग.

---

नौपाड्याचे_आजोबा

मी स्वतः पंच्याहत्तरीचा आहे आणि गेल्या वर्षी मुलगा-सून-नातीबरोबर जाऊन आलो. सगळे आमच्याविषयी लिहिताय, म्हणून आमच्या बाजूने लिहितो.

मुलांनो, आम्हाला सगळीकडे न्यायचा आग्रह नको, आणि आम्हाला झेपणार नाही हे परस्पर ठरवूही नका. विचारा. मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, शिंजुकूच्या नाकामुराया रेस्टॉरंटात जेवायचं. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली जपानला निसटले. नाकामुरायाच्या सोमा कुटुंबाने त्यांना लपवलं, पुढे त्या घरची मुलगी तोशिको हिच्याशी त्यांचं लग्न झालं. १९२७ पासून तिथे त्यांनी शिकवलेली भारतीय करी मिळते. हाडांसकट कोंबडी, दाट रस्सा, सोबत भात. मला जेवण उतरेना. नातीने विचारलं आजोबा काय झालं, तेव्हा तिला सगळी हकीकत सांगितली. जेवण गार झालं तरी तिने हलू दिलं नाही.

दुसरी गोष्ट, मला रोज सकाळी एकट्याने तासभर हवा होता. आमच्या हॉटेलच्या गल्लीत जुनं कॉफीचं दुकान होतं. कॉफी घेतली की सोबत जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं. तिथे माझ्याच वयाचे चार-पाच जण वर्तमानपत्र घेऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी मी आत गेलो तर मालकीणबाईंनी न विचारता कॉफी आणून ठेवली. टोकियो म्हटलं की मला ते दुकान आठवतं. जपान म्हाताऱ्यांना एकटं फिरायला निर्धास्त देश आहे. खिशात हॉटेलचं कार्ड आणि फोन ठेवू द्या आणि आम्हाला सोडा.

संडासांविषयी कुणी लिहिलं नाही, पण आमच्या वयात ते महत्त्वाचं. स्टेशनात, दुकानांत, बागांत स्वच्छ असतात, बऱ्याच ठिकाणी पाण्याचा फवारा आणि गरम बैठक. कुठल्याही दिवशी काळजी वाटली नाही.

आणि पासपोर्ट जवळ ठेवा. पासष्टीपुढच्यांना हामारिक्यूसारख्या सरकारी बागांत अर्धं तिकीट आहे.

---

चिंचगूळ

आजोबा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिला विचारलं काय बघायचंय, तर म्हणाली, कोयासानला बाबासाहेबांचा पुतळा आहे तिथे जायचंय. मला माहीतच नव्हतं. पंचाहत्तरीच्या बाईला तिथे नेता येईल का?

---

पूर्वेचा_वारा

नक्की येईल. कोयासान म्हणजे ओसाकाच्या दक्षिणेचा बौद्ध मठांचा डोंगर. तिथल्या कोयासान विद्यापीठात तो पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते अनावरण झालं. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई मार्गाची गाडी गोकुराकुबाशीपर्यंत, तिथून केबलकार, वर बस. चढ तुम्हाला चढावा लागत नाही. पण एका दिवसात जाऊन-येऊन करू नका, मठातच एक रात्र राहा. आईंचा जेवणाचा प्रश्न तिथे पूर्ण सुटतो, जेवण शोजिन र्‍योरी असतं. वाळवलेलं कोया तोफू तर त्या डोंगराचंच.

खोली घेताना चार गोष्टी विचारा: जेवायला खुर्ची मिळेल का, झोपायला पलंग आहे की जमिनीवर गादी, संडास खोलीत आहे की बाहेर, आणि खोली तळमजल्यावर आहे का. रात्रीचं जेवण साडेपाच-सहालाच असतं, म्हणून दुपारी चारपर्यंत पोचा. डोंगरावर थंडी शहरापेक्षा बरीच जास्त, नोव्हेंबरात स्वेटर आणि कानटोपी हवीच. विद्यापीठाच्या आवारात कधी जाता येतं ते मठातल्या लोकांनाच आदल्या दिवशी फोन करून विचारायला सांगा, ते आनंदाने करतात.